भाड्याच्या घराला गृहनिर्माण धोरणात जागा कधी मिळणार?

नायगावकर

राज्य सरकारने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २००७ नंतरचे हे पहिलेच सर्वंकष धोरण. 'माझे घर, माझा अधिकार' हे त्याचे ब्रीद असून २०३० पर्यंत ३५ लाख घरे आणि त्यासाठी ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक असे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. नोकरदार महिला, विद्यार्थी आणि औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा विचारही त्यात आहे आणि तो वाचून मला मनापासून बरे वाटले. मात्र मुंबईतील घरांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा विचार कागदावरच राहील अशी धास्तीही वाटते. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

गरीब कुटुंबाकडे आपले धोरण उद्याचा घरमालक म्हणूनच पाहते, हे माझ्या मते सर्व अडचणींचे मूळ आहे. घर द्यायचे म्हणजे मालकीचेच द्यायचे, हे आपण गृहीत धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात गावाहून शहरात आलेला माणूस प्रथम भाडेकरूच असतो. तो नाक्यावर उभा राहून काम मिळवतो, चार जणांबरोबर खोली घेऊन राहतो, पुढे कुटुंब आणतो आणि दहा-पंधरा वर्षांत दोन-तीन वस्त्या बदलतो. त्याच्याकडे आगाऊ भरायला रक्कम नसते, उत्पन्नाचा दाखला नसतो आणि बँक त्याला दारात उभे करत नाही. घराची निकड सर्वांत जास्त त्याला आहे, आणि आपल्या एकाही मोठ्या योजनेत त्याला शिरकाव नाही.

हे असे नेहमीच नव्हते. मुंबई भाड्याच्या खोल्यांवरच उभी राहिली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दाट वस्त्या पाडून रस्ते, चाळी बांधण्याचे काम सुरू झाले. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. एका खोलीचे क्षेत्र जेमतेम १६० चौरस फूट, आणि संडास सामायिक. त्या काळीही या चाळींवर भरपूर टीका झाली आणि ती योग्यच होती. तरीही कामगाराला भाडेपावतीवर कायदेशीर खोली देणे हे सरकारचे काम आहे, एवढे तत्त्व तरी त्यात मान्य झालेले होते. गिरण्यांच्या आवारातल्या आणि खासगी मालकांच्या चाळी यांत मिळवल्या, तर गिरणगावातील बहुतेक कुटुंबे भाडेकरूच होती.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. युद्धकाळात भाडी बेसुमार वाढली होती, म्हणून सप्टेंबर १९४० ची भाडी प्रमाण मानून ती तिथेच गोठवण्यात आली. हेतू रास्त होता. पण हे तात्पुरते संरक्षण पुढे अर्धशतक तसेच राहिले, आणि महागाई वाढत असताना भाडे मात्र हलले नाही. नवी भाड्याची चाळ बांधण्यात मालकाला रस उरला नाही आणि जुन्या चाळीची डागडुजीही त्याने सोडली. पावतीवरचे भाडे नाममात्र राहिले आणि खरा व्यवहार पागडीत, म्हणजे खोलीचा ताबा देताना घेतल्या जाणाऱ्या एकरकमी पैशांत होऊ लागला. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि भाडेकरूंकडून उपकर घेऊन सरकारच दुरुस्ती करू लागले. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या. दुरुस्तीची जबाबदारी अशी सरकारवर आली; नव्या भाड्याच्या घरांची जबाबदारी मात्र कोणावरच राहिली नाही. देशभरातही साधारण हेच चित्र आहे. १९६१ च्या जनगणनेत शहरांतील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आले.

कायदेशीर भाड्याची खोली मिळेनाशी झाली तेव्हा माणसे झोपडपट्टीत गेली. १९७१ चा झोपडपट्टी कायदा, १९७६ ची झोपड्यांची गणना आणि फोटोपास (झोपडीधारकाला दिलेले ओळखपत्र) ही पुढची पावले. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात वस्तीची सहकारी संस्था करून तिला जमीन भाडेपट्ट्याने द्यायची, पाणी आणि गटारे पुरवायची आणि घर सुधारण्यासाठी कर्ज द्यायचे अशी रचना होती. माझ्या मते मुंबईत आजवर आखलेल्या योजनांपैकी हीच सर्वांत शहाणपणाची होती, आणि आज तिची आठवणही फारशी कोणी काढत नाही.

१९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा केली. अफझुलपूरकर समितीच्या अहवालानंतर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(१०) या कलमाने सगळे गणित बांधले गेले. विकासकाने झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर मोफत द्यायचे आणि त्याच्या बदल्यात मिळणारे बांधकाम खुल्या बाजारात विकायचे. घराचे क्षेत्र पुढे २६९ आणि आता ३०० चौरस फूट झाले. पात्रतेची तारीख १९९५ वरून २००० आणि नंतर सशुल्क पुनर्वसनासाठी २०११ पर्यंत सरकली. संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आली. गणित मात्र तेच राहिले. गरिबाचे घर शेजारच्या विक्रीच्या इमारतीतील दराच्या भरवशावर उभे राहते. जिथे दर चढा तिथे योजना पळते आणि जिथे दर नाही तिथे इरादापत्र (प्राथमिक मंजुरी) निघूनही वर्षानुवर्षे वीट रचली जात नाही. पहिल्या पंचवीस वर्षांत अडीच लाखांच्या आसपासच घरे झाली, ती यामुळेच.

या सगळ्यात वस्तीतला भाडेकरू कुठे आहे? माळ्यावर राहणारे कुटुंब, म्हणजे खालच्या घरमालकाला दरमहा भाडे देणारे, परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, अपात्र ठरते. झोपडी पाडली की मालकाला संक्रमण शिबिर किंवा भाडे मिळते आणि माळ्यावरचा माणूस आपले सामान घेऊन पुढच्या वस्तीत जातो. म्हणजे एका जागी पुनर्वसन होत असताना दुसरीकडे नवी झोपडपट्टी तयार होते, आणि ती तयार होण्याचे कारण आपल्याच नियमांत असते. धारावीच्या नव्या योजनेत वरच्या मजल्यावरील रहिवाशांना धारावीबाहेर भाड्याने किंवा भाडे-खरेदी तत्त्वावर घरे देण्याची तरतूद प्रथमच आली आहे. धारावीबाहेर म्हणजे रोजगारापासून किती दूर, हा प्रश्न त्यात उरतोच.

आपल्या शहरातील अनुभव काय सांगतो, ते जरूर लिहा.

आडवाटा

धागा आवडला, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. घरे महाग आहेत याचे पहिले कारण ती कमी आहेत. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ एवढाच चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) ठेवला. रेल्वे स्थानकाच्या लगतच्या जमिनीवरही इतके कमी बांधकाम करू देणारे दुसरे महानगर सापडणे अवघड आहे. त्यातच १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा होता. जमीन मोकळी करून गरिबांसाठी घरे बांधण्याचा त्याचा हेतू सांगितला गेला, आणि प्रत्यक्षात जमिनी वादांत आणि सवलतींच्या अर्जांत अडकून पडल्या. केंद्राने तो १९९९ मध्ये रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ च्या अखेरीस. बांधकामावरची बंधने उठवा, परवानग्या सोप्या करा, भाडेकराराची अंमलबजावणी चोख करा. भाड्याची घरे आपोआप बाजारात येतील. सरकारने घरमालक होऊ नये. ज्या यंत्रणेला संक्रमण शिबिरांची नीट देखभाल करता येत नाही, तिच्या हाती लाखो भाडेकरू देण्याने काय साधणार?

चाळकरी

मी पूर्व उपनगरातील एका पुनर्वसन इमारतीत राहतो आणि काही वर्षे संस्थेचा सचिव होतो. मालकीचे घर मिळाल्यावर पुढे काय होते, ते लिहितो.

आमची वस्ती सखल भागात होती. घरात पाणी शिरणे, सार्वजनिक नळावरची रांग, पावसाळ्यात प्लास्टिक बांधणे हे सगळे संपले आणि त्याचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही. माझ्या आईला रात्री संडाससाठी बाहेर जावे लागत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठीही मी या योजनेचा ऋणी आहे.

अडचण सुरू होते ती चावी मिळाल्यानंतर. आमची आणि शेजारची इमारत यांत अंतर इतके कमी आहे की खालच्या चार मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. मधल्या बोळात वरून टाकलेला कचरा साचतो आणि त्याच बोळाकडे प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी उघडते. जिन्याला लागून असलेल्या लांब मार्गिकेत दोन्ही बाजूंनी दारे असल्याने उजेड केवळ टोकाला दिसतो. नियमाने हेक्टरी किमान ५०० घरे बसवायची आणि त्याच भूखंडावर विक्रीची इमारतही प्रशस्त उभी करायची, म्हटल्यावर पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना चिकटणारच. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत येथे 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेल्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध घरात ऊन आणि हवा न येण्याशी दिसून आला. आमच्या इमारतीतील माणसांना ते वाचून आश्चर्य वाटले नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. लिफ्टचा करार, पंपाचे वीजबिल, पाणीपट्टी, सफाई, टाकीची स्वच्छता हे सगळे मिळून दरमहा प्रत्येक घराच्या वाट्याला जी रक्कम येते, ती झोपडीत असताना कोणालाच द्यावी लागत नव्हती. देखभालीसाठी विकासकाने प्रत्येक घरामागे एकरकमी अनामत भरायची असते. योजना सुरू झाली तेव्हा ही रक्कम २० हजार होती. तिच्या व्याजातून लिफ्टचा खर्चही निघत नाही. सचिव असताना थकबाकीची यादी घेऊन मी दारोदार फिरत असे. ज्यांनी थकवले होते ते बहुतेक रोजंदारीवर जाणारे किंवा घरकाम करणाऱ्या एकट्या बाया होत्या. पाणी तोडण्याचा ठराव बैठकीत मांडला गेला, तेव्हा तो मंजूर करायला माझा हात उठला नाही. लिफ्ट मग बंदच राहिली. सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे खाली येणे थांबले. पुढे अशाच काही कुटुंबांनी घर भाड्याने दिले आणि ती पुन्हा झोपडपट्टीत राहायला गेली.

तेव्हा 'घर विकले, फुकटचे घेऊन पैसे केले' असे कोणी म्हटले की मला वाईट वाटते. माणूस उगाच घर सोडत नाही.

नायगावकर

चाळकरी, आपण इतके नेमके लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सरकारचा हिशेब घराची चावी दिली की संपतो आणि राहणाऱ्याचा तिथून सुरू होतो. सरकारी भाड्याच्या घरात देखभाल घरमालकाकडे, म्हणजे सार्वजनिक संस्थेकडे असते, आणि भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवता येते. ज्या कुटुंबांना संस्थेची वर्गणी झेपत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मालकीपेक्षा मोलाची ठरली असती.

आडवाटा, बांधकामावरच्या अनावश्यक बंधनांबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. पण घरे कमी आहेत हे अर्धेच चित्र आहे. केंद्राने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी भागातील घरांचा तुटवडा सुमारे १ कोटी ८८ लाख इतका मांडला. त्यातील ९६ टक्के तुटवडा आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा होता आणि त्यातील मोठा भाग एकाच घरात दाटीने राहणाऱ्या कुटुंबांचा होता. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. एकट्या बृहन्मुंबईत ती पावणेपाच लाखांहून अधिक होती. नुसत्या अधिक बांधकामाने भाव उतरायचा असता, तर ही घरे रिकामी का राहिली? ज्यांना हवी त्यांना परवडत नाहीत आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना भाड्याने द्यायची भीती वाटते. परवानग्या सोप्या केल्याने ही दोन्ही कारणे दूर होत नाहीत.

सिद्धेश्वरपेठ

सोलापूरचा अनुभव मुंबईपेक्षा बराच निराळा आहे, आणि तो या चर्चेत यावा असे वाटते.

आमच्याकडे विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. हे काम घरातच होते. तेंदूची पाने भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन त्यात तंबाखू आणि पाने ठेवायची आणि दिवसभर विड्या वळायच्या. घर लहान असेल तर त्याच खोलीत स्वयंपाक, तान्हे मूल आणि तंबाखूची धूळ. अशा कुटुंबांसाठी कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरे झाली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतरण झाले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेतून हाती घेण्यात आला आणि त्यातील पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले.

यात विक्रीची इमारत नव्हती आणि चटईक्षेत्राचा सौदाही नव्हता. जमीन शहराबाहेरची, म्हणून स्वस्त. केंद्राचे अनुदान, राज्याचे अनुदान आणि कामगारांचा स्वतःचा वाटा यांतून घरे झाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संघटना होती. लाभार्थी कोण हे संघटनेला ठाऊक होते आणि कागद कुठे अडला आहे याचा पाठपुरावाही तीच करत होती. कित्येक वर्षांच्या मोर्चांशिवाय यातले काहीही झाले नसते, हे मी जवळून पाहिले आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. शहर आणि वसाहत यांत अंतर आहे. पाने आणायला आणि तयार विड्या द्यायला जाणे, मुलांची कॉलेजे, दवाखाना या सगळ्यासाठी बस किंवा रिक्षाचा खर्च पडतो. विडी घरात वळता येते म्हणून हे अंतर निभावले गेले. रोज सकाळी नाक्यावर उभे राहणाऱ्या बांधकाम मजुराला किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ते निभावेलच असे नाही. तेव्हा भाड्याच्या घरांबद्दल धागाकर्त्यांचे म्हणणे मला पटते. मात्र मालकीच्या घराला सरसकट नावे ठेवू नयेत. स्वतःच्या नावावर उतारा आला तेव्हा आमच्या भागातील बायांना जे बळ मिळाले, ते भाडेपावतीने मिळाले नसते.

जुना वाडा

घरमालकाची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. आमची दादर परिसरात आजोबांच्या वेळची एक छोटी चाळ आहे. मोठ्या व्यापारी जागांचे मालक आणि आमच्यासारखी कुटुंबे यांत कायद्याने कधी फरक केला नाही. जमा होणाऱ्या सगळ्या भाड्यात वर्षाची रंगरंगोटीही होत नाही, आणि चाळीतील एखादी खोली पागडीने हस्तांतरित होते तेव्हा तिची किंमत ऐकून थक्क व्हायला होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात हे गोठवलेले भाडे अवाजवी झाले असल्याचे स्पष्टपणे म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. पण ती वाढ कशावर? ज्या भाड्यात महिन्याच्या चहाचाही खर्च निघत नाही, त्यावर चार टक्के.

या कायद्यातील कलम २४ मुळे 'लिव्ह अँड लायसन्स'चा मार्ग खुला आहे, आणि आज मुंबई-पुण्यातील बहुतेक नवी भाड्याची घरे त्या अकरा महिन्यांच्या करारावरच दिली जातात. मालकाला घर परत मिळण्याची खात्री आणि राहणाऱ्याला दरवर्षी बिऱ्हाड हलवण्याची टांगती तलवार, असा हा व्यवहार आहे. जुन्या कायद्याने सगळे संरक्षण भाडेकरूला दिले आणि या कराराने ते जवळजवळ सगळे काढून घेतले. मधला मार्ग आपण कधी शोधलाच नाही. तीन ते पाच वर्षांचा स्थिर करार, वाढीचा ठरलेला दर आणि वाद झाल्यास काही महिन्यांत निकाल, एवढे मिळाले तर माझ्यासारखे अनेक मालक घर रिकामे ठेवणार नाहीत. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे आणि वादांसाठी स्वतंत्र यंत्रणा सुचवली आहे. त्यावर आपल्या राज्यात गांभीर्याने चर्चा व्हायला हवी.

मुळाकाठ

पुण्यातील येरवड्याचे उदाहरण देतो. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात (२००५ नंतर) इथल्या नेताजी नगर आणि इतर काही वस्त्यांमध्ये घरे जागच्या जागी बांधण्यात आली. वस्ती पाडून मनोरे उभे केले नाहीत. गल्ल्या शक्यतो होत्या तशाच ठेवल्या. कच्चे घर असेल तेच पाडून त्या जागी २७० चौरस फुटांचे पक्के घर बांधले आणि शेजारचे आधीच पक्के असलेले घर तसेच राहू दिले. जिथे एकाच्या वाट्याला जागा फारच कमी, तिथे दोन-तीन कुटुंबांनी एकत्र येऊन मजल्यांची वाटणी केली. खर्चाचा निम्मा भाग केंद्राचा, ३० टक्के राज्याचा, १० टक्के महापालिकेचा आणि १० टक्के कुटुंबाचा होता.

'महिला मिलन' या वस्तीतील स्त्रियांच्या संघटनेच्या बायकांनी कापडाचे पूर्ण आकाराचे घर उभारून २७० चौरस फूट म्हणजे किती, हे सगळ्यांना आत फिरवून दाखवले. त्यामुळे ओटा कुठे, मोरी कुठे, जिना कसा, यावर घरातल्या बाईचे मत नकाशात उतरले. हे काम वेळखाऊ होते आणि त्यात वास्तुरचनाकाराला प्रत्येक घरासाठी वेगळा विचार करावा लागत होता. मोठ्या ठेकेदाराला त्यात रस असण्याचे कारण नाही. पण लिफ्ट नाही, पंप नाही, त्यामुळे चाळकरी यांनी सांगितलेला देखभालीचा भारही नाही. शेजार टिकला, दाराशी चालणारा धंदा टिकला. अशा घरावर मालकाने पुढे एक मजला चढवला तर तिथे कमी भाड्याची खोलीही तयार होते, आणि शहरातील गरिबाला आजही भाड्याची खोली प्रामुख्याने अशाच घरांतून मिळते. धोरणाने या छोट्या घरमालकाला अनधिकृत ठरवण्याऐवजी त्याला सुरक्षित बांधकामासाठी कर्ज आणि तांत्रिक मदत दिली, तर सरकारला एकही इमारत न बांधता भाड्याच्या हजारो खोल्या सुधारता येतील.

परदेशस्थ

मी सिंगापुरात राहतो. भारतातील चर्चेत इथल्या सरकारी घरांचा दाखला वारंवार दिला जातो, म्हणून थोडे लिहितो. इथले गृहनिर्माण मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि आज देशातील सुमारे चार पंचमांश रहिवासी त्याच्या घरांत राहतात. पण हे शक्य झाले ते १९६६ च्या भूसंपादन कायद्यामुळे. सरकारने जमीन बाजारभावापेक्षा कमी दराने ताब्यात घेतली आणि आजही बहुतांश जमीन सरकारचीच आहे. घरे विकली जातात तीही ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. शिवाय सर्वांत गरीब कुटुंबांसाठी मंडळ कमी भाड्याची घरे स्वतःकडे राखून ठेवते. मुंबईत सरकार आपल्या ताब्यातील जमीन विकासकाला देते आणि त्या बदल्यात घरे मागते. हा फरक लक्षात न घेता केलेली तुलना उपयोगाची नाही.

नायगावकर

सर्वांच्या प्रतिसादांमुळे चर्चा बरीच पुढे गेली. सिद्धेश्वरपेठ, स्त्रीच्या नावावरील घराचे मोल मी मान्य करतो. माझा आग्रह मालकीच्या घरांविरुद्ध नाही. त्यांच्या जोडीने भाड्याची घरेही धोरणाचा कायमचा भाग व्हावीत, एवढाच आहे.

सरकारने घरमालक होऊ नये, या आडवाटा यांच्या आक्षेपाला उत्तर देण्याआधी महाराष्ट्रात हा प्रयोग एकदा झाला होता, हे सांगायला हवे. २००८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) महानगर प्रदेशासाठी भाड्याच्या घरांची योजना आणली. विकासकाला चार चटईक्षेत्र निर्देशांक देऊन त्याच्याकडून १६० चौरस फुटांची घरे बांधून घ्यायची आणि ती अल्प उत्पन्न गटाला भाड्याने द्यायची, असा बेत होता. पाच वर्षांत पाच लाख घरांचे लक्ष्य होते. पनवेलजवळ कोन येथे इमारती उभ्या राहिल्या. मात्र तेथील घरे भाड्याने न देता २०१६ मध्ये गिरणी कामगारांच्या सोडतीत मालकीने देण्यात आली. गिरणी कामगारांचा घरावरचा हक्क निर्विवाद आहे. १९८२ च्या संपानंतर ज्यांचे संसार उघड्यावर आले, त्यांच्यासाठी गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा म्हाडाकडे येणार होता; २००१ च्या दुरुस्तीने तो फक्त मोकळ्या जमिनीपुरता राहिला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. दीड लाखाच्या आसपास अर्जदारांपैकी २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ जणांनाच घरे मिळू शकली. गिरणगावात त्यांना द्यायची घरे सरकारकडे नव्हती, म्हणून त्यांना पनवेलला पाठवले, आणि त्यासाठी भाडेकरूंची घरे वापरली. एका वंचित गटाचे देणे दुसऱ्या वंचित गटाच्या वाट्यातून फेडले गेले.

त्या योजनेत भाडे कोण गोळा करणार, इमारत कोण सांभाळणार, रिकामी खोली कोणत्या नियमाने पुढच्याला देणार, यांसाठी कायमस्वरूपी यंत्रणाच उभी केलेली नव्हती. बांधणारे खाते होते, सांभाळणारे नव्हते. केंद्राने जुलै २०२०मध्ये, टाळेबंदीत शहरे सोडून चालत निघालेल्या मजुरांचे हाल देशाने पाहिल्यानंतर, परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना जाहीर केली. जुन्या योजनांतील रिकामी पडलेली सरकारी घरे भाड्याने देणे हा तिचा एक भाग होता. त्यातून देशभरात फार थोडी घरे प्रत्यक्ष वापरात आली. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. तोही बांधकामाच्या अनुदानावर थांबला, तर कोनचीच पुनरावृत्ती होईल.

म्हणून माझी सूचना अशी आहे. राज्यातील महापालिका आणि म्हाडा यांनी मिळून भाड्याच्या घरांसाठी वेगळी संस्था स्थापन करावी आणि तिच्या मालकीची घरे कोणत्याही कारणाने विकता येणार नाहीत, असे कायद्यातच लिहावे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखण्याचा नियम २०१३ पासून आहेच. ती सगळी घरे सोडतीत विकण्याऐवजी त्यांतील ठरावीक हिस्सा या संस्थेकडे यावा. अशी घरे शहरात, कामाच्या ठिकाणांजवळ असतात, हा त्यांचा मोठा फायदा. भाडे उत्पन्नाशी जोडलेले असावे आणि देखभालीसाठी महापालिकेने मालमत्ता करातून दरवर्षी तरतूद करावी. मुळाकाठ यांनी सुचवलेले छोट्या घरमालकांना कर्ज आणि जुना वाडा यांनी मांडलेला तीन ते पाच वर्षांचा करार ही दोन्ही कामे त्याच संस्थेने नोंदणी आणि हमीच्या रूपाने करावीत.

या संस्थेच्या घरात जाण्यासाठी कागद कोणते मागायचे, हे मात्र आधी ठरवावे लागेल. आज म्हाडाच्या सोडतीत अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. जो माणूस सहा महिन्यांपूर्वी परभणीहून किंवा गडचिरोलीहून आला आहे आणि ज्याची मजुरी रोज हातात पडते, त्याच्याकडे यांतले काहीही नसते. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी, ठेकेदाराचे पत्र किंवा नाक्यावरील संघटनेची शिफारस यांवर खोली देता येईल का? नोंदणीच्या कामाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी याबद्दल जरूर लिहावे. जुलैअखेर आम्ही काही जण मिळून आमच्या विभागातील लोकप्रतिनिधींना निवेदन देणार आहोत आणि त्यात हा मुद्दा तपशिलासह घालायचा आहे.